लवण, लोणार आणि लमाणांची वाट

लोणार हें एका गांवाचें नांव आहे, लोणारी हें एका जातीचें, आणि लमाण हें आणखी एका समाजाचें. तिहींच्या मुळाशीं एकच शब्द आहे, तो लवण. जेथें खार निघाला तें लोणार. मीठ, चुना व कोळसा तयार करण्याचा ज्यांचा धंदा ते लोणारी. आणि ज्यांनीं मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशोदेशीं नेलें ते लमाण. 'लमाण' किंवा 'लभाण' ह्या शब्दाची दुसरीहि उपपत्ति कोणी सुचवितात. परंतु लवणापासूनची व्युत्पत्ति पुष्कळांस मान्य आहे, आणि त्या समाजाच्या पूर्वीच्या व्यवसायाशीं ती जुळतेहि. ह्याच समाजाचें 'बंजारा' हें नांव वाणिज्य ह्या शब्दाकडे बोट दाखवितें. लोणारच्या सरोवरावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तेथील दैत्यसूदनाच्या देवळावरहि लिहिलें गेलें आहे. परंतु त्या सरोवरांतील खार गांवाबाहेर गेला कसा, कोणाच्या पाठीवरून गेला, आणि ती पाठ पुढें कोठें गेली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

लोणार हें बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, ज्यास तिकडील लोक घाटावरचा मुलूख म्हणतात त्यांत, वसलेलें आहे. काळ्या पाषाणांत उल्केच्या आघातानें पडलेला सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा, आणि त्याच्या तळाशीं सांचलेलें खारट पाणी, हें त्याचें स्वरूप आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. लवणासुर येथें भूमीखालीं दडून बसला होता व विष्णूनें दैत्यसूदनाचें रूप घेऊन त्यास मारिलें, अशी कथा स्थानिक परंपरा सांगते. खळग्याच्या कडेस गोड्या पाण्याची धार वाहते आणि खालीं तळ्याचें पाणी मात्र तोंडांत धरवत नाहीं, हा चमत्कार पाहून जुन्या काळच्या भाविकांनीं येथें तीर्थ मानिलें, यांत नवल नाहीं. परंतु तीर्थ पाहणारांच्या बरोबरच येथें आणखी एक वर्ग येत असे, तो व्यापाऱ्यांचा.

अकबराचा मंत्री अबुल फझल यानें सोळाव्या शतकाच्या शेवटीं 'आईन-इ-अकबरी' ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन केलें आहे. त्यांत मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख येतो. ब्राह्मण ह्या स्थळास विष्णुगया म्हणतात असें तो सांगतो, आणि लगेच पुढें येथील डोंगरांत कांच व साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य मिळतें, येथें सोऱ्याचे कारखाने आहेत व त्यांच्या जकातीचें उत्पन्न सरकारास बरेंच होतें, असें नमूद करितो. देवस्थान आणि जकात हीं दोन्हीं एका दमांत सांगणारा हा लेखक व्यवहारी होता. ज्या मालावर जकात बसते तो माल हालत असला पाहिजे. ज्या अर्थीं उत्पन्न बरेंच होतें त्या अर्थीं तो पुष्कळ हालत असला पाहिजे. म्हणजे चारशें वर्षांपूर्वींहि लोणार हें केवळ यात्रेचें गांव नव्हतें, तें पेठेचें गांव होतें.

उन्हाळ्यांत तळ्याचें पाणी आटूं लागलें म्हणजे कांठावर पांढरे पापुद्रे धरीत. मजूर पाण्यांत उतरून तळाशीं जमलेले खडेहि काढीत. ह्या मालाच्या गुणाप्रमाणें दल्ला, निमक, खप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें पडलीं होतीं; ज्या धंद्यांत एकाच पदार्थास पांच नांवें लागतात तो धंदा जुना व पारखी असला पाहिजे, हें उघड आहे. रसायनशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हा मुख्यतः सोडा, आणि त्यांत कमीअधिक प्रमाणांत मीठ. बांगडीची कांच ओतणारा कासार, कापडावरील लाल रंग पक्का करूं पाहणारा रंगारी, साबण करणारा, आणि पापडांत खार घालणारी गृहिणी, ह्या सर्वांस ह्याच जातीचा पदार्थ लागे.

पण येथें एक अडचण होती, व तीच ह्या लेखाचें मूळ होय. खार किंवा मीठ हा माल जड असतो व स्वस्त असतो. मोतीं, रेशीम, केशर हे जिन्नस घोड्यावर किंवा माणसाच्या कमरेस बांधूनहि शेंकडों कोस जाऊं शकतात, कारण वाटखर्च मालाच्या किमतीपुढें कांहींच नसतो. मिठाचें तसें नाहीं. वाट जराशी महाग झाली कीं मीठ जागच्याजागीं माती होतें. म्हणून ज्या समाजानें मीठ, धान्य, डाळी असले जड व स्वस्त जिन्नस ह्या अवाढव्य देशांत एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे नेले, त्यानें वाहतुकीचें कांहीं तरी असें तंत्र साधलें असलें पाहिजे कीं, जें दुसऱ्या कोणास साधलें नाहीं. तें तंत्र म्हणजे लमाणांचा तांडा.

वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत गाडीचें चाक गिळते, आणि घाटांतून जुन्या काळीं गाडी चालण्याजोगे रस्ते क्वचितच होते. पुलांची तर गोष्टच नको. अशा मुलखांत पाठीवर गोणी घेतलेला बैल जेथें जाऊं शके तेथें गाडी जात नसे. शिवाय गाडीच्या बैलास दावणीला वैरण घालावी लागते. तांड्याचा बैल मात्र वाटेवरच्या गवतावर चरत चाले. हीच ह्या धंद्याची गुरुकिल्ली होती. मजल लहान ठेवावयाची, बैलांस दमवावयाचें नाहीं, दुपारीं ओझीं उतरून त्यांस मोकळें चरूं द्यावयाचें, आणि पावसाळ्याचे महिने एखाद्या उंच माळावर गवतापाण्याच्या जागीं तळ देऊन काढावयाचे, असा त्यांचा क्रम असे. चाऱ्याचा खर्च नाहीं, घरभाडें नाहीं, नोकराचा पगार नाहीं. बायकामुलांसह सारें कुटुंब मालाबरोबर चालत असे. ह्या व्यवसायास ते आपल्या बोलींत 'लदेणी' म्हणत. तांड्याचा पुढारी नायक. त्याचा शब्द हाच कायदा. प्रत्येक मोठ्या तांड्यांत बालाजीस वाहिलेला एक बैल असे, त्यास घुंगुर, कवड्या व लाल वस्त्रें घालून सजवीत, आणि त्याच्या पाठीवर ओझें कधींहि लादीत नसत. ज्यांचा सर्व संसार ओझ्यावर चालतो त्यांनीं एका पाठीस ओझ्यांतून मोकळें ठेवावें, ह्या चालीमागची भावना ज्याची त्यानें ओळखावी.

परदेशी प्रवाशांनीं हे तांडे पाहून आश्चर्यानें बोटें तोंडांत घातलीं. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशास १६३२ सालीं धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसते असेंहि त्यानें टिपून ठेविलें आहे. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकांत हिंदुस्थानांत अनेकदां आला. दहा-बारा हजार बैल एका वेळीं चालले आहेत असें दृश्य त्यानें वर्णिलें आहे. ह्या लोकांचे चार वर्ग असून एक धान्य, एक तांदूळ, एक डाळी व एक मीठ वाहतो, आणि एकाचा जिन्नस दुसरा वाहत नाहीं, असें तो सांगतो. अरुंद वाटेंत असा तांडा समोरून आला म्हणजे गाड्यांस दोन दोन, तीन तीन दिवस थांबून राहावें लागे, ही त्याची तक्रार वाचून आजच्या घाटांत मालमोटारींच्या रांगेमागें अडकलेल्या प्रवाशास तो आपल्याच काळचा वाटेल.

चौदा हजार बैल म्हणजे नेमका किती माल, ह्याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एका बैलाचें ओझें सुमारें तीन मण, म्हणजे आजच्या मापानें शंभर ते सवाशें किलो. ह्या मानानें मंडीला भेटलेल्या तांड्यावर सुमारें पंधराशें ते सतराशें टन माल होता. आजची दहा चाकांची मालमोटार सतरा-अठरा टन माल वाहते असें धरिलें, तर तो एक तांडा म्हणजे शेंभराच्या आसपास मालमोटारींचा ताफा झाला. हें सारें एका पक्क्या सडकेवांचून, एका पुलावांचून, आणि एका सरकारी कचेरीच्या मदतीवांचून चाललें होतें.

तथापि ह्या पद्धतीचे दोषहि झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. गवतावर चालणारी वाहतूक गवत असेपर्यंतच चालते. ज्या वर्षीं पाऊस दगा देई त्या वर्षीं धान्याची गरज सर्वांत मोठी, आणि त्याच वर्षीं वाटेवर चारा नाहीं, पाणी नाहीं, म्हणून तांडा जागचा हालूं शकत नसे. १६३० ते १६३२ ह्या वर्षांत गुजराथ व दख्खन ह्या प्रांतांत जो भयंकर दुष्काळ पडला त्यांत एका प्रांतीं धान्य असूनहि दुसऱ्या प्रांतीं माणसें मेलीं, ह्याचें एक कारण हेंच होय. जी युक्ति सुकाळांत वाहतूक स्वस्त करी, तीच दुष्काळांत ती बंद पाडी. शिवाय तांड्यांनीं वाटेंत कोणाचीं गुरें कधींच वळविलीं नाहींत किंवा शेतें चारलीं नाहींत, असेंहि म्हणतां येणार नाहीं. परंतु एका समाजाचे कांहीं लोक चुकतात म्हणून सगळा समाज कोणत्या नांवानें ओळखला जावा, हा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे आपण पुढें येणारच आहों.

शांततेंत व्यापाऱ्याचा माल वाहणारे हेच तांडे युद्धांत फौजांचे पोट झाले. शहाजहानच्या कारकीर्दीच्या आरंभीं असफखानाबरोबर दक्षिणेंत भंगी व जंगी असे दोन नायक हजारों बैल घेऊन आले, आणि त्यांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला, अशी दंतकथा बंजारा लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणाच्याहि रांजणांतलें पाणी प्यावें, छपराचें गवत बैलांस घालावें, दिवसास तीन खून माफ, असा त्या पटाचा आशय सांगतात. दंतकथेंतील अतिशयोक्ति सोडून दिली तरी एक गोष्ट उरते, ती ही कीं, दख्खनेंतील कोणत्याहि फौजेस तांड्यांवांचून चार दिवस काढणें कठीण होतें. १७२४ सालीं निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची निर्णायक लढाई ह्याच बुलढाणा जिल्ह्यांत साखरखेर्ड्यास झाली. अशा हरएक लढाईच्या मागें बाजार-बुणग्यांबरोबर धान्याच्या गोणी चालत असत. १८०३ सालीं असई, अडगांव व गाविलगड येथें मराठ्यांशीं लढणारा वेलस्ली तर आपल्या पत्रांतून ह्या बंजाऱ्यांविषयीं वारंवार लिहितो. त्याच्या शिपायांचा तांदूळ त्यांच्याच बैलांवर होता.

आणि येथें एक विलक्षण गोष्ट दिसते. तांडा कोणाचाहि नव्हता. आज तो एका पक्षास धान्य विकी, उद्यां दुसऱ्यास; दोन्हीं पक्ष त्याच्या अंगास हात लावीत नसत, कारण दोघांसहि उद्यां त्याची गरज पडणार होती. ज्यास आजकालच्या भाषेंत तटस्थ म्हणतात तसा हा समाज होता, आणि ही तटस्थता कोणत्याहि तहनाम्यानें दिलेली नव्हती. ती गरजेनें दिलेली होती. गरज आहे तोंवर मान; गरज सरली कीं काय, ह्याचें उत्तर एकोणिसाव्या शतकानें दिलें.

त्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र तांड्यांस एक नवा माल मिळाला होता, तो वऱ्हाडचा कापूस. हा कापूस बैलांच्या पाठीवर लादून नागपुरावरून जबलपुराकडे व तेथून गंगेकांठच्या मिर्झापुरास जात असे. अंतर पांचशें मैलांच्या वर. पुढें नावांतून तो कलकत्त्यास पोंचे. रोज गोणी उतरावयाच्या, रोज चढवावयाच्या. वाटेची धूळ कापसांत शिरे आणि अवेळीं पाऊस आला तर ओझें भिजून दुप्पट होई. मुंबईचें बंदर त्या मानानें सोयीचें होतें. पण तिकडील घाटांच्या वाटा बिकट होत्या. १८२५-२६ सालीं विकाजी-पेस्तनजी ह्या पारशी व्यापाऱ्यांनीं वऱ्हाडांतून मुंबईस कापूस पाठविला. तो ५०० बैलांवर लादलेला १,२०,००० पौंड माल होता. म्हणजे एका बैलावर बरोबर २४० पौंड, जुन्या मापाचे तीन मण. टॅव्हर्नियेच्या काळचें ओझें आणि ह्या नव्या व्यापाराचें ओझें एकच होतें. बैलाची पाठ दोनशें वर्षांत वाढली नव्हती, वाढली होती ती जगाची भूक.

ती भूक भागविण्यास मग आगगाडी आली. १८५३ ह्या एकाच सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली आणि निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. चौदा वर्षांनीं, १८६७ सालीं, भुसावळावरून वऱ्हाड ओलांडून लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा फांटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यानें स्वतः येऊन खुला केला, कारण खामगांवच्या कापसाचा बाजार त्या वेळीं तेवढ्या मानाचा होता. हा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव असा घाटाखालच्या पूर्णेच्या खोऱ्यांतून गेला. घाटावरचें लोणार व मेहकर बाजूला राहिलीं. पूर्वीं तांड्याची वाट गवतपाणी पाहून वळत असे व वळतां वळतां आडगांवांसहि शिवून जाई. रुळाची वाट वळत नाहीं.

तांड्यांवर घाव एकट्या आगगाडीनेंच घातला असें मात्र नव्हे. मिठावरील कर चुकूं नये म्हणून इंग्रज सरकारनें सिंधु नदीपासून बऱ्हाणपुरावरून महानदीकडे जाणारी जकातीची एक सरहद्द आंखिली होती. ती सुमारें २,३०० मैल लांब असून तिच्या पुष्कळ भागावर कांटेरी कुंपण वाढविलें होतें, आणि सुमारें १२,००० माणसें तिच्या पहाऱ्यावर होतीं. जगाच्या इतिहासांत मिठासाठीं एवढी भिंत क्वचितच कोणी उभारिली असेल. ती १८७९ सालीं रद्द झाली. पण तोंवर ज्याच्या नांवांतच मीठ आहे अशा वाहतूकदारास ह्या सरहद्दीवरचा प्रत्येक शिपाई चोरट्या व्यापाराचा संशयित म्हणूनच पाहूं लागला होता. तिसरा घाव कायद्याचा. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढें निरनिराळ्या प्रांतांत बंजारा-लमाणांच्या अनेक टोळ्यांस त्याची झळ लागली. ज्या गांवीं नायकाच्या शब्दावर हजारों रुपयांचा माल सोंपविला जाई, त्या गांवीं आतां नायकास आपण कोण, कोठून आलों, कोठें चाललों, ह्याची वर्दी पोलिसास द्यावी लागे. फिरणें हा ज्याचा धंदा त्याचें फिरणें हाच गुन्हा ठरला.

ह्यांत इतिहासलेखनाच्या दृष्टीनें अत्यंत विचार करण्याजोगी गोष्ट अशी आहे कीं, वऱ्हाडांतील बंजाऱ्यांची जी सविस्तर हकीकत नंतरच्या सर्व गॅझेटियरकारांनीं व जातिवर्णनकारांनीं उतरून घेतली, ती कंबरलेज नांवाच्या एका पोलिस अधिकाऱ्यानें लिहिलेली आहे. त्यापूर्वींची मोठी हकीकत कॅप्टन ब्रिग्ज याची, ती मुंबईच्या विद्वत्सभेच्या ग्रंथांत १८१९ सालीं छापली गेली. तो लष्करी मनुष्य. त्याच्याहि आधींचीं वर्णनें मंडी व टॅव्हर्निये ह्या प्रवाशांचीं. म्हणजे ह्या समाजाचा लिखित इतिहास कोणीं लिहिला, तर वाटेंत अडकलेल्या प्रवाशानें, धान्य हवें असलेल्या सेनापतीनें, आणि पहारा ठेवणाऱ्या पोलिसानें. प्रवाशानें त्यांच्या बैलांची संख्या मोजली. सेनापतीनें त्यांच्या गोणी मोजल्या. पोलिसानें त्यांचे गुन्हे मोजले. तांड्यानें आपल्याकडून आपला हिशेब मांडलेला कागद मात्र कोणाच्याहि हातीं नाहीं, कारण त्यांच्या बोलीस स्वतःची लिपि नव्हती आणि त्यांचा हिशेब तोंडी चाले. तथापि कागद नाहीं म्हणून ज्याचा कागद आहे त्याचेंच म्हणणें खरें मानावें, हा न्याय कोर्टांत चालत असेल; इतिहासांत तो चालूं नये. कंबरलेजच्या लिखाणांत पुष्कळ मोलाची माहिती आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण ती वाचतांना लिहिणाराच्या अंगावरील गणवेश विसरतां कामा नये.

इकडे लोणारच्या खारावरहि संकट आलेंच. अठराव्या शतकाच्या शेवटापासून युरोपांत सोडा कारखान्यांत तयार करण्याच्या कृति निघाल्या. प्रथम लब्लां ह्या फ्रेंच रसायनज्ञाची, मग बेल्जममधील सॉल्व्हे याची. हा विलायती सोडा शुद्ध, एकजिनसी आणि जहाजानें व आगगाडीनें दारांत येऊन पडणारा. पापडी व भुस्की यांतील भेद जाणणाऱ्या पारखी व्यापाऱ्याचें काम त्यापुढें उरलें नाहीं. १९३९ सालीं काठेवाडच्या किनाऱ्यावर मिठापूर येथें टाटांची रसायनांची कंपनी निघाली, आणि आज देशांतील बहुतेक सोडा गुजराथच्याच किनाऱ्यावर तयार होतो. ज्या जातीचा खार वऱ्हाडांतून बाहेर जात असे, तो आतां शेंकडों मैलांवरून मालमोटारींत भरून वऱ्हाडच्या वाण्याच्या दुकानीं येतो. सरोवराचा किनारा आतां अभयारण्य आहे, २०२० पासून त्यास रामसर पाणथळ म्हणून जागतिक मानहि मिळाला आहे, आणि तसें होणें योग्यच आहे. परंतु त्याच्या पाण्याकडे आपण आतां केवळ निसर्गाचें आश्चर्य म्हणून पाहतों. तो एके काळीं माणसांच्या पोटापाण्याचा भाग होता हें विसरतों.

मग तांडे गेले कोठें? कोठेंहि गेले नाहींत. ते जेथें होते तेथेंच थांबले. बैलांच्या पाठीवरचा माल नाहींसा झाला तेव्हां नायकांनीं माळरानांवर वस्ती केली, जंगलाची कड साफ करून शेती धरिली, आणि चालत्या समूहास जें नांव होतें तेंच थांबलेल्या वस्तीस पडलें. आज लोणार-मेहकरपासून पुसदपर्यंत 'तांडा' ह्या नांवानें ओळखलीं जाणारीं पुष्कळ खेडीं आहेत. त्या नांवांत एका थांबलेल्या प्रवासाची खूण आहे. वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांच्या समाधीस दूरदूरच्या प्रांतांतून बंजारा भाविक येतात, तेव्हां त्या जुन्या वाटा वर्षांतून एकदां पुन्हां जाग्या होतात. गुन्हेगार जमातींचा कायदा स्वतंत्र हिंदुस्थानांत १९५२ सालीं रद्द झाला. पुसदजवळच्या गहुली तांड्यांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्य मंत्री होते. ज्या समाजास पोलिसांत वर्दी द्यावी लागे, त्यांतील एक पुरुष त्या पोलिसांच्या सरकारचा प्रमुख झाला, ही गोष्ट लहान नव्हे. पण एका कुटुंबाचा उदय म्हणजे सर्व तांड्यांचा उदय नव्हे. आजहि कोरडवाहू तांड्यांतून हजारों कुटुंबें दरसाल हिवाळ्याच्या तोंडीं ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत जातात, आणि जातात तीं बहुधा मालमोटारींत व ट्रॅक्टरांच्या मागें, भांड्याकुंड्यांच्या गांठोड्यांवर बसून. ज्यांच्या आजे-पणज्यांनीं साऱ्या देशाचा माल वाहिला, त्यांस आतां मालाच्या गाडींतून वाहून नेलें जातें.

त्यांच्या जागीं जो नवा वाहतूकदार आला तो मालमोटारीचा चालक. त्याची कथा निराळी असली तरी अगदींच अनोळखी नाहीं. तोहि महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. प्रांताच्या सीमेवर त्याच्याकडेहि संशयानें पाहिलें जातें. अपघात झाला तर जमाव प्रथम त्याच्यावरच धांवतो. फार काळपर्यंत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, जकात वेगळी, नाका वेगळा असा प्रकार होता. १९७५ सालीं राष्ट्रीय परवान्याची पद्धति निघाली आणि २०१७ सालीं सर्व देशास एक वस्तु व सेवा कर लागू होऊन राज्याराज्यांच्या सीमेवरील करनाके उठले, तेव्हां कोठें बऱ्हाणपुराच्या त्या जुन्या मीठ-कुंपणाचा शेवटचा वंशज नाहींसा झाला असें म्हणतां येईल.

आतां ह्याच घाटावरच्या मुलखांतून, मेहकर व सिंदखेडराजाच्या टापूंतून, नागपूर-मुंबईचा समृद्धि महामार्ग गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरांत त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि २०२५ च्या जूनमध्यें सर्व ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. आगगाडीनें जो मुलूख बाजूला ठेविला तो दीडशें वर्षांनीं पुन्हां वाटेवर आला, ही आनंदाची गोष्ट होय. सहा-सात मैलांच्या मजलीनें तांड्यास हें अंतर तोडावयास दोन महिने लागले असते; आजची मालमोटार तें दिवसाच्या आंत तोडते. ह्या वेगाची निंदा करणें हें शहाणपणाचें नाहीं. दुष्काळांत धान्य अडून राहण्याचा जो दोष वर सांगितला, तो अशाच वाटांनीं नाहींसा झाला. पण एक भेद मनांत ठेविला पाहिजे. तांड्यास वाटेवरच्या गांवाची गरज होती. त्याचें गवत, त्याचें पाणी, त्याचा बाजार ह्यांवांचून त्याची मजल पुरी होत नसे, म्हणून जातां जातां तो गांवास मीठ देई व गांवचें धान्य घेई. नव्या मार्गास दोन्हीं बाजूंनीं कुंपण आहे, आणि त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत. मार्ग गांवावरून गेला एवढ्यानेंच गांव वाटेवर आलें असें होत नाहीं. घाटावरचा शेतकरी आपला माल त्या मार्गावर किती चढवितो, आणि परतीच्या गाड्यांतून त्याच्या गांवीं काय उतरतें, ह्यावर 'समृद्धि' ह्या शब्दाचा अर्थ ठरावयाचा आहे.

शेवटीं एक विनंति. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून देशपांड्यांच्या माळ्यांवरचीं दफ्तरें सोडविलीं, म्हणून मराठ्यांचा इतिहास आज आपल्या हातीं आहे. तांड्याचें दफ्तर माळ्यावर नाहीं. तें गोरबोलींतील गाण्यांत, लग्नांतील रीतींत, भाटांच्या वंशावळींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. आपला पणजा कोणत्या वाटेनें कोंकणांत मिठास जाई, कोणत्या घाटांत तळ पडे, कोणत्या पाणवठ्यावर भांडण झालें, कोणत्या सावकारानें नायकाच्या शब्दावर माल दिला, हें आजीकडून ऐकलेलीं माणसें अजून तांड्यांत भेटतात. आणखी वीस वर्षांनीं तीं भेटणार नाहींत. आपल्या महाविद्यालयांत आतां त्या तांड्यांतूनच आलेले विद्यार्थी व अध्यापक आहेत, आणि हें काम बाहेरच्या पंडितापेक्षां त्यांस अधिक चांगलें साधेल. त्यांनीं आपापल्या घरापासून आरंभ करावा. लोणारच्या खारास जशीं पांच नांवें होतीं तशीं वाटांनाहि नांवें असलीं पाहिजेत. तीं नांवें एकदां कागदावर उतरलीं म्हणजे कंबरलेजच्या वहीशेजारीं ठेवावयास तांड्याची स्वतःची एक वही तयार होईल.